कॉम्प्युटर चालू, टीव्ही चालू, पण पडदा काळा. २६ मेच्या आत सुरू व्हायला पाहिजे!

गणिताची बाई | २० मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी मनीषनगरला राहते, शाळेत गणित शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली मुलं सकाळी साडेसात ते नऊ माझ्याकडे येतात, ११ जणं आहेत, पाचवी ते आठवीतली. नऊनंतर ऊन इतकं होते की कोणाची आई पोराला बाहेर पाठवत नाही आणि मीही बोलवत नाही. हॉलमध्ये एक जुना असेंबल केलेला पीसी आहे, इंटेल आय-३ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, त्यात लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) आणि डिस्कच्या एका भागावर जुनं विंडोज १०. तो टीव्हीला जोडून मी मुलांना भूमितीच्या आकृत्या, नकाशे, तारे दाखवते. ३२ इंची टीव्हीवर तीन वर्षं एकदाही अडलं नाही. मागच्या आठवड्यात भावाने ४३ इंची फोर-के टीव्ही घेऊन दिला, जुन्याची वायर काढून याला लावली आणि तेव्हापासून पडदा काळा.

नेमकं काय होते ते सांगते. पीसी चालू केला की मदरबोर्डचा लोगो टीव्हीवर दिसतो. मग मिंट की विंडोज ते निवडायचा मेनू दिसतो. मिंटवर एंटर मारलं की दोन-तीन सेकंदांत काळं, आणि मग टीव्हीवर 'नो सिग्नल'. पण आत सगळं चालू आहे हे नक्की, कारण न बघता पासवर्ड टाकून एंटर मारलं तर स्पीकरमधून लॉगिनचा आवाज येतो!

घाई यासाठी आहे की २६ मेला नागपुरात शून्य सावली दिवस आहे. आपलं शहर २१ अंश ९ मिनिटं उत्तरेला, त्या दिवशी दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. आदल्या दिवशी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांना आकाश फिरवून दाखवायचं आणि मग गच्चीवर प्रत्यक्ष, असं मी एप्रिलपासून कबूल केलेलं आहे. दुकानदार म्हणतो कॉम्प्युटर जुना झाला, नवीन घ्या. मला ते पटत नाही. कोणी सांगाल का?

तर्री-पोहा | २० मे, रात्री १०:२०

ताई सोर्सचं बटन पाहिलं काय? एचडीएमआय १ वर आहे की २ वर? रागवू नका, पण आमच्या बिल्डिंगमधल्या दहापैकी सात तक्रारी तिथंच संपतात.

गणिताची बाई | २० मे, रात्री १०:२६

रागवायचं काय त्यात. पाहिलं. लोगो आणि मेनू दिसतो म्हणजे सोर्स बरोबर आहे. दोन्ही पोर्टवर लावून पाहिलं, तेच.

सदरवाला | २० मे, रात्री १०:३१

बाई, लिनक्सचं हे नेहमीचंच आहे, नवीन टीव्हीचे ड्रायव्हर नसतात त्यात. मिंट काढा आणि नुसतं विंडोज ठेवा. मुलांना शिकवायचं आहे की कॉम्प्युटरशी कुस्ती खेळायची आहे?

काळी खिडकी | २० मे, रात्री १०:४४

सदरवाला भाऊ, टीव्हीला ड्रायव्हर लागत नाही, ड्रायव्हर ग्राफिक्सचा असतो आणि इंटेलचा तर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतो. आधी दुखणं कुठे आहे ते पाहू, मग ऑपरेशन.

बाई, चार गोष्टी करून सांगा.
विंडोज चालू करून पाहा, तिथे चित्र येते का. मिंट सुरू झाल्यावर पडदा काळा असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ एकदम दाबा, काळ्यावर पांढरी अक्षरं येतात का. वायर किती लांब आहे आणि कुठून गेली आहे. आणि शेवटचं, सुरुवातीच्या मेनूमध्ये मिंटवर उभं राहून ई दाबा, जी ओळ लिनक्स शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहा, एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळं लहान लिपीत, आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, काही बिघडत नाही.

महाल गल्ली | २० मे, रात्री ११:०५

माझं थोडं वेगळं झालं होतं पण सांगतो, कोणाच्या तरी कामी येईल. माझ्याकडेही लिनक्स टीव्हीला जोडलेला, एक दिवस पडदा काळा, आवाज चालू. मी दोन रात्री बसून मिंट पुन्हा टाकलं, मग डेबियन टाकलं, वायर बदलली, पोर्ट बदलला, बायको म्हणाली आता झोपा. तिसऱ्या दिवशी लाइट गेली, मोबाइलचा टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागची वायर पाहून राहिलो होतो, तेवढ्यात लाइट आली, टीव्ही चालू झाला आणि टॉर्चचा उजेड जिथे पडद्यावर तिरका पडत होता तिथे, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, मला बातम्या देणारी बाई दिसली! अगदी पुसट, पण ओठ हलताना दिसले. म्हणजे चित्र येतच होतं, मागची एलईडीची पट्टी मेली होती. मेकॅनिकने पट्ट्या बदलल्या, टीव्ही आजही चालू आहे.

म्हणून म्हणतो, पडदा काळा दिसला की खोलीत अंधार करा, टॉर्च पडद्याला चिकटवून तिरका धरा. चित्र दिसलं तर कॉम्प्युटरला हातही लावू नका.

काळी खिडकी | २० मे, रात्री ११:१२

महाल भाऊ, हे सगळ्यांनी लिहून ठेवावं असं आहे. बाईंच्या टीव्हीवर लोगो आणि 'नो सिग्नल' दिसते म्हणजे त्यांचा बॅकलाइट ठीक आहे, पण हे आधी पाहायलाच पाहिजे.

निवृत्त ७१ | २१ मे, सकाळी ६:०५

सर्वांना नमस्कार. वीज खात्यात ३४ वर्षे काढली, आता वाचनाचा छंद. टीव्ही आणि संगणक यांच्यामध्ये नुसते चित्र जात नाही, आधी बोलणे होते, हे समजून घेतले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

एचडीएमआयच्या टोकात १९ पिना असतात. १८व्या पिनवर संगणक टीव्हीला ५ व्होल्ट देतो. टीव्ही १९वी पिन वर उचलून सांगतो, 'मी आहे.' मग १५ आणि १६ या दोन पिनांवरून संगणक टीव्हीची ओळखपत्रिका वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटचा पहिला ठोकळा, आणि आजच्या टीव्हींना त्यामागे आणखी १२८चा जोड असतो. मी कोणता, माझा आकार किती, मला कोणते चित्र चालते आणि त्यातले सर्वांत जास्त कोणते आवडते, हे सगळे त्यात लिहिलेले असते. संगणक ते वाचून टीव्हीच्या आवडीचे चित्र पाठवायला लागतो. आता टीव्हीने जे मागितले ते मधल्या वायरीला झेपले नाही, तर दोन्ही बाजू निरोगी असूनही पडदा काळा राहतो.

बाई, माझा संशय वायरीवर आहे.

सदरवाला | २१ मे, सकाळी ८:१५

काका, तीच वायर तीन वर्षं चालली ना. कालपर्यंत चांगली असलेली वायर एका दिवसात कशी खराब होईल?

तर्री-पोहा | २१ मे, सकाळी ८:२०

अरे पण टीव्ही बदलला ना भाऊ. वायर तीच आहे, तिच्याकडून मागणारा बदलला.

गणिताची बाई | २१ मे, सकाळी ९:४०

मुलं आत्ताच गेली. आज फळ्यावरच शिकवलं. सगळं करून पाहिलं, उत्तरं देते.

विंडोजमध्येही तसंच! गोल गोल फिरणारे ठिपके दिसतात, मग काळं. सदरवाला भाऊ, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ केलं, काळंच. वायर १० मीटरची आहे, घर बांधताना भिंतीतल्या पाइपातून टाकली, पीसी खिडकीजवळ आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर. आणि ते नोमोडसेट लिहिल्यावर चित्र आलं!! मिंटचा पूर्ण डेस्कटॉप, अक्षरं जरा ढोबळ आहेत पण आला. मी तर ओरडलेच. मग याच पद्धतीने रोज चालवलं तर चालेल का? स्टेलॅरियम मात्र उघडायला खूप वेळ लागला आणि आकाश फिरवलं की थांबत थांबत सरकते.

काळी खिडकी | २१ मे, सकाळी १०:०२

बाई, तुम्ही इतकं नीट सांगितलं की अर्धं काम झालं.

नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला पडद्याचं माप बदलू देऊ नको, बायोसने, म्हणजे मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने, जे लावलं तेच चालू दे. बायोसने छोटं माप लावलेलं असते म्हणून चित्र येते. पण मग ड्रायव्हर कामच करत नाही, सगळं चित्र प्रोसेसरला काढावं लागते, म्हणून स्टेलॅरियम रखडते. तपासायला चांगलं, रोजच्या वापराला नाही.

आता हिशोब पाहा, तुमचाच विषय आहे. फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर, कडेची न दिसणारी रिकामी जागा धरून, वायरीवरून सेकंदाला १४८.५ दशलक्ष पिक्सेलची जागा जाते. फोर-के, ३८४० गुणिले २१६०, सेकंदाला ३० वेळाच पाठवलं तरी २९७ दशलक्ष. बरोबर दुप्पट. ६० वेळा पाठवलं तर ५९४, म्हणजे चौपट. तुमच्या चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये २००९ साली आलेलं एचडीएमआय १.४ आहे, त्याची मजल फोर-केला ३० वेळापर्यंत. ६० वेळा पाठवणारं २.० हे २०१३ मध्ये आलं. तर तुमचा पीसी टीव्हीची पत्रिका वाचतो, हा फोर-के मागतो आहे बघतो आणि त्याला जमते ते २९७वालं पाठवतो. जुना ३२ इंची टीव्ही तर फुल एचडीपेक्षाही कमी मागत होता, म्हणून १० मीटरची साधी वायर तीन वर्षं आरामात चालली.

विंडोज काळं, मिंट काळं, कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ची अक्षरांची खिडकीही काळी. तिघंही टीव्हीचंच ऐकतात म्हणून तिघंही एकाच जागी पडतात. माझ्या मते वायरच, पण सिद्ध करू. कोणाकडून दीड मीटरची वायर आणा आणि पीसी उचलून टीव्हीजवळ ठेवा.

दिल्लीकर वऱ्हाडी | २१ मे, सकाळी १०:३०

वायरीवर छापलेलं असते ना पण, हाय स्पीड की काय ते? स्टँडर्ड छापाची वायर फक्त ७२० किंवा १०८०आय पर्यंत तपासलेली असते, हाय स्पीडवाली ३४० मेगाहर्ट्झपर्यंत. बाईंच्या वायरीवर काय लिहिलं आहे?

बाकी शून्य सावलीचं वाचून घरची आठवण आली. इथे दिल्लीत सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही, आम्ही कर्कवृत्ताच्या वर पडलो. पोट्ट्यांना माझा नमस्कार सांगा.

गणिताची बाई | २१ मे, सायंकाळी ७:३५

वायरीवरची अक्षरं पुसली गेली आहेत, फक्त शेवटचा डी वाचता येतो!

शेजारच्या काकूंच्या सेट-टॉप बॉक्सची छोटी वायर मागून आणली. माझी आठवीतली दोन मुलं आणि मी, तिघांनी मिळून पीसी टीव्हीच्या खाली स्टुलावर ठेवला. चालू केला. लोगो, मेनू, मग अर्धा सेकंद काळं, आणि मग मिंट, पूर्ण पडदाभर, इतकं बारीक आणि स्पष्ट की खालच्या पट्टीवरची वेळ वाचायला जवळ जावं लागलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे वायरच. निवृत्त काका, तुमचा संशय खरा ठरला.

आता प्रश्न असा की भिंतीतली वायर मी बदलू शकत नाही, निदान २६च्या आत नाही. आणि पीसी टीव्हीखाली ठेवता येत नाही, तिथे मुलं बसतात.

इतवारीचा वायरमन | २१ मे, रात्री ९:१०

बाई नवी वायर भिंतीतून ओढता येते पण पाइप पाऊण इंची असला तर एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकते, बरेचदा भिंत फोडायची पाळी येते. १० मीटरला फोर-के पाहिजेच असेल तर फायबरवाली वायर घ्या, ती बारीक असते पण तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला डिस्प्ले, उलटी लावली की चित्र येत नाही. मग सगळे म्हणतात वायर खराब निघाली.

काळी खिडकी | २१ मे, रात्री ९:२८

वायर दिवाळीत बदला. आत्ता फक्त पीसीला सांगायचं की टीव्ही काहीही मागो, तू फुल एचडीच पाठव. ४३ इंची टीव्ही, मुलं आठ-दहा फुटांवर बसतात, डोळ्याला फारसा फरक कळणार नाही, आणि जुन्या आय-३ला स्टेलॅरियमही हलकं जाईल.

पीसी छोट्या वायरीवर असतानाच हे करा. मी उच्चार लिहितो आहे, टाइप इंग्रजीत करायचं.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून नुसतं एक्सरँडर टाका, एक्स-आर-ए-एन-डी-आर. यादी येईल. त्यात कुठल्या नावापुढे कनेक्टेड लिहिलं आहे ते नाव कागदावर उतरवा. त्याखाली मापांची यादी असेल. एका आकड्यापुढे चांदणी असेल आणि एका आकड्यापुढे अधिक. चांदणी म्हणजे आत्ता चालू असलेलं, अधिक म्हणजे टीव्हीची आवड. मग ही कमांड: एक्सरँडर, जागा, दोन डॅश आणि आउटपुट, जागा, ते नाव, जागा, दोन डॅश आणि मोड, जागा, १९२०एक्स१०८०. एंटर.

गणिताची बाई | २१ मे, रात्री ९:५५

एचडीएमआय-१ टाकलं तर काहीच झालं नाही, चांदणी फोर-केवरच.

तर्री-पोहा | २१ मे, रात्री ९:५७

ताई भाऊंनी म्हटलं तसं यादीत कनेक्टेड कुठं लिहिलं आहे ते पाहा ना. माझ्यात एचडीएमआय-२ निघालं होतं. पोर्ट एकच आहे तरी नाव दोन नंबरचं, काऊन ते मला विचारू नका.

गणिताची बाई | २१ मे, रात्री १०:०३

एचडीएमआय-२च! एकच्या पुढे डिसकनेक्टेड लिहिलेलं, मी घाईत कनेक्टेड वाचलं. झालं. पुन्हा यादी काढली तर चांदणी उतरून १९२०वर आली आहे आणि अधिक तिथेच वर फोर-केपाशी उभा आहे. किती छान दाखवते हे! टीव्हीचं मागणं तसंच, आपण दिलं वेगळं. लगेच मोठी वायर लावली. चित्र आलं, भिंतीतल्या त्याच वायरीने!!

पण मग पीसी बंद करून पुन्हा सुरू केला आणि लॉगिनच्या जागी काळं.

काळी खिडकी | २१ मे, रात्री १०:१५

कारण ती कमांड त्या बैठकीपुरती असते. तीन जागी सांगावं लागते कारण पडद्याचा ताबा तीन जण आळीपाळीने घेतात, कर्नल, लॉगिनची खिडकी, आणि तुमचा डेस्कटॉप.

डेस्कटॉपचं सोपं, मिंटच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १९२०एक्स१०८० निवडा आणि अप्लाय करा, ते लक्षात ठेवते.

कर्नलसाठी इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे, ती सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, उघडा. क्वाएट स्प्लॅश लिहिलेली ओळ सापडेल. स्प्लॅशनंतर, अवतरणचिन्हाच्या आत, जागा सोडून लिहा: व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, एचडीएमआय-ए-२, विसर्गासारखी ती दोन टिंबं, १९२०एक्स१०८०, ॲटचं चिन्ह, ६०. मध्ये कुठेही जागा नाही. कर्नल त्याच पोर्टला मधे ए लावून ओळखतो, एवढं ध्यानात ठेवा. सेव्ह करून टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब.

लॉगिनसाठी इटीसीच्या आत एक्स-११, त्यात एक्सओआरजी.कॉन्फ.डी नावाचं फोल्डर, नसलं तर बनवा. त्यात टीव्ही.कॉन्फ नावाची फाइल, चार ओळींची: सेक्शन मॉनिटर, आयडेंटिफायर एचडीएमआय-२, ऑप्शन प्रेफर्डमोड १९२०एक्स१०८०, एंडसेक्शन. सेक्शन, आयडेंटिफायर आणि ऑप्शननंतरचे शब्द अवतरणात. इथे ए नाही.

फोटो काढून पाठवा, एकही अक्षर चुकलं तर रात्र जाईल.

महाल गल्ली | २१ मे, रात्री १०:२२

यापेक्षा टीव्हीच्या मेनूतच एचडीएमआयचं काहीतरी स्टँडर्ड आणि एनहान्स्ड असते ना? ते स्टँडर्ड केलं तर टीव्ही कमी मागेल.

काळी खिडकी | २१ मे, रात्री १०:२६

तो मार्ग ६० वेळावालं सोडवतो. स्टँडर्ड केल्यावरही टीव्ही फोर-के ३० मागत राहतो आणि बाईंची वायर तिथेच हरते आहे. नवीन पीसीवाल्यांनी मात्र आधी तेच करून पाहावं, एका मिनिटाचं काम आहे.

गणिताची बाई | २२ मे, सकाळी ९:१५

चाललं! चार वेळा बंद-चालू करून पाहिलं, चारही वेळा आलं. आज वर्ग टीव्हीवर घेतला. ११ जणांनी विदर्भाचा नकाशा पाहिला आणि प्रत्येकाने आपापलं आजोळ शोधलं. काळी खिडकी भाऊ, काका, तर्री-पोहा दादा, सगळ्यांचे मनापासून आभार.

एक बारीकशी गोष्ट राहिली. कूलर सुरू केला की टीव्ही दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. कूलर बंद करतानाही. मुलांना वाटते मी करते आहे.

तर्री-पोहा | २२ मे, सकाळी ९:२२

नागपुरात राहून कूलर तर बंद होणार नाही बाप्पा, टीव्ही बंद राहिला तरी चालेल! नवतपा, ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागून राहिला तीन दिवसांत.

इतवारीचा वायरमन | २२ मे, सकाळी १०:००

बाई खरं सांगा, ती एचडीएमआयची वायर लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात आहे काय? कूलर कोणत्या बोर्डावर आहे?

गणिताची बाई | २२ मे, दुपारी १:१०

एकाच पाइपात आहे. कूलर खिडकीत, त्याचा प्लग त्याच बोर्डावर जिथे पीसीचा आहे.

निवृत्त ७१ | २२ मे, दुपारी ४:३०

मग कारण सापडले. कूलरमध्ये पंख्याची मोटर आणि पाण्याचा पंप, दोन्हींत गुंडाळी असते. बटण दाबता क्षणी संपर्कात ठिणगी पडते आणि विजेचा एक झटका आजूबाजूच्या वायरींत उमटतो. दहा मीटर समांतर गेलेली वायर तो झटका पकडते, टीव्हीचा ताल चुकतो, तो चित्र बंद करून पुन्हा ताल धरतो. ते तुमचे दोन सेकंद. कूलरचा प्लग दुसऱ्या बोर्डावर न्या, जमले तर थेट दुसऱ्या खोलीतून.

आणि एक विचारतो. पीसीच्या पत्र्याच्या डब्याला उलट्या बोटाने हात लावला तर झिणझिण्या येतात का?

गणिताची बाई | २२ मे, सायंकाळी ५:०२

येतात! मला वाटलं सगळ्यांच्याच येतात.

निवृत्त ७१ | २२ मे, सायंकाळी ५:४०

यायला नकोत. तुमच्या घराचे अर्थिंग कोरडे पडले आहे. पीसीच्या वीजपुरवठ्यात जे फिल्टर असते ते डब्याला जोडलेले असते, अर्थिंग नसले की डबा २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण तोच डबा आणि टीव्ही चालू असताना एचडीएमआयचे टोक खुपसले तर पोर्ट जळू शकतो. वायर लावताना-काढताना दोन्हींचे प्लग भिंतीतून काढत जा.

नागपूरची जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहत नाही. पूर्वी उन्हाळ्यात सबस्टेशनच्या खड्ड्यांत आम्ही नेमाने पाणी टाकायचो, घराच्या खड्ड्याकडे कोणी पाहत नाही. दोन बादल्या पाणी सोडा, आठवड्यातून एकदा तरी. आणि जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या, मुले ये-जा करतात त्या घरात हे टाळू नका.

सदरवाला | २२ मे, रात्री ८:२०

काका, तुमचं वाचून घरी पाहिलं. आमच्या खड्ड्यावर कुंडी ठेवलेली होती, कोणाला आठवतच नव्हतं तिथे काय आहे ते. पाणी टाकलं. आणि बाई, विंडोज टाका म्हटलं ते चुकलं माझं, तिथेही काळंच होतं.

गणिताची बाई | २३ मे, रात्री ९:००

कूलर स्वयंपाकघराच्या बोर्डावर नेला, खड्ड्यात पाणी टाकलं, वायरमन दादांनी अर्थिंगचा ढिला झालेला बोल्ट आवळला. झिणझिण्या गेल्या. कूलर लावल्यावर टीव्ही आता हलतसुद्धा नाही.

पण आज दुपारी टीव्ही रिमोटने बंद केला होता, पीसी चालूच, संध्याकाळी टीव्ही लावला तर काळं. आता काय?

काळी खिडकी | २३ मे, रात्री ९:१८

हे वेगळं दुखणं आहे, घाबरू नका. काही टीव्ही बंद होताना ती १९वी पिन खाली टाकतात. पीसीला वाटते पडदाच काढून नेला, तो पाठवणं थांबवतो, आणि टीव्ही परत आला तरी कधी कधी डेस्कटॉप उठत नाही. आत्तापुरतं कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ दाबा, दोन सेकंद थांबा, मग कंट्रोल-ऑल्ट-एफ-७. बहुतेक येईल.

कायमचं म्हणजे ग्रबच्या त्या ओळीत ६० ला चिकटून लहान ई लावा. त्याचा अर्थ, पिन काही म्हणो, पडदा आहे असंच धर. आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये पडदा बंद करायची वेळ नेव्हर करून ठेवा, नाहीतर तुम्ही फळ्यावर लिहीत असताना टीव्ही झोपेल.

गणिताची बाई | २३ मे, रात्री ९:४१

एफ-७ने आलं. ई लावला, टीव्ही तीनदा बंद-चालू केला, तीनदा आलं.

गणिताची बाई | २६ मे, दुपारी २:०५

काल स्टेलॅरियममध्ये नागपूर लावून तारीख एक-एक दिवस पुढे ढकलली, सूर्य रोज थोडा थोडा डोक्याकडे सरकताना सगळ्यांनी पाहिला. सातवीतली एक मुलगी उठून टीव्हीजवळ गेली, बोटाने मोजलं आणि म्हणाली, बाई उद्या इथे येणार.

आज साडेअकराला गच्चीवर गेलो. फरशी इतकी तापलेली की ओलं पोतं अंथरलं. डोक्याला दुपट्टे, हातात कांद्याचे तुकडे, एकेकाच्या आईने तशी ताकीदच दिली होती. पाण्याचे स्टीलचे पेले उपडे ठेवले. १२ वाजता पश्चिमेकडे एक बारीक काळी रेघ होती, नखाएवढी. मग ती पेल्याच्या काठाखाली शिरायला लागली. १२ वाजून १० मिनिटांनी पेल्याभोवती काहीच नव्हतं. कोणी बोललं नाही. मग सगळ्यात लहान मुलाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि उडी मारून पाहिली, सावली कुठे पडते ते बघायला.

निवृत्त ७१ | २६ मे, दुपारी ३:१५

बाई, वाचून डोळे भरून आले. जुलैच्या मध्यात सूर्य परत येताना पुन्हा डोक्यावरून जाईल, ढगांनी जागा दिली तर मलाही बोलवा.

दिल्लीकर वऱ्हाडी | २६ मे, सायंकाळी ६:४०

मी जुलैची सुट्टी टाकतो.

पांढऱ्या संत्र्याचं फूल | २७ मे, रात्री ११:५०

नवीन सदस्य आहे, धागा आत्ता सापडला. माझ्याकडे ५५ इंची, १५ मीटर वायर, उबुंटू, लोगो दिसून काळं. नोमोडसेटने चित्र आलं. यादीत चांदणी आणि अधिक दोन्ही फोर-केवर आहेत. पण माझ्यात ती एक्सओआरजीची फाइल बनवली तरी लॉगिनवर काहीच फरक नाही, डेस्कटॉपही तसाच.

काळी खिडकी | २८ मे, सकाळी ७:०५

पडद्यावर चित्र मांडणारा जो एक्स नावाचा प्रोग्रॅम असतो त्याच्या जागी तुमच्या उबुंटूत वेलँड नावाचा दुसरा चालू असेल, तो ती फाइल वाचत नाही. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह असेल तिथे काय निवडलेलं आहे ते पाहून सांगा. आणि पीसी चालू असताना वायर काढू नका, काकांनी सांगितलं आहे.